शर्ली चिझम यांच्या वाटेने: मुंबईत नगरसेविका होऊ पाहणाऱ्या बाईसाठी कामाचा आराखडा

शर्ली चिझम म्हटलं की १९७२ आठवतं. अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागणारी पहिली स्त्री, आणि मोठ्या पक्षाकडे ती मागणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. त्याआधी १९६८ मध्ये त्या अमेरिकी काँग्रेसवर, म्हणजे तिथल्या संसदेवर, निवडून गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या होत्या. पण मुंबईत प्रभागातून उभं राहायचं मनात असलेल्या बाईने ही दोन वर्षं बाजूला ठेवून १९५३ ते १९६४ हा काळ नीट वाचावा. न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागातल्या बेडफर्ड-स्टायव्हेसंट या वस्तीत एका बालवाडी शिक्षिकेने स्वतःचे मतदार कसे उभे केले, ते त्या अकरा वर्षांत दिसतं. ती पद्धत कांदिवलीत, कुर्ल्यात, वरळीतही चालते. निवडणूक जाहीर झाल्यावर मात्र ती वापरता येत नाही. हातात किमान तीन-चार वर्षं लागतात.

आधी एक काम तुमच्या नावाने ओळखलं जाऊ द्या

चिझम यांची आई शिवणकाम आणि घरकाम करायची, वडील गोणपाटाच्या पिशव्यांच्या कारखान्यात. लहानपणीची काही वर्षं त्या बार्बाडोसला आजीकडे वाढल्या. ब्रुकलिन कॉलेजातून १९४६ मध्ये पदवी घेतली, मग बालवाडीत मदतनीस, पुढे कोलंबिया विद्यापीठातून बालशिक्षणात पदव्युत्तर शिक्षण, आणि १९५३ ते १९५९ मॅनहॅटनमधल्या हॅमिल्टन-मॅडिसन बालसंगोपन केंद्राच्या संचालक. त्यानंतर शहराच्या पाळणाघर विभागात सल्लागार. म्हणजे राजकारणात येईपर्यंत एक विषय त्यांना आतून-बाहेरून ठाऊक होता: कामावर जाणाऱ्या आईचं मूल दिवसभर कुठे राहतं आणि त्याला किती खर्च येतो. पुढे विधानसभेत आणि काँग्रेसमध्ये त्या बोलल्या ते याच विषयाच्या जिवावर.

मुंबईत हा विषय पाण्याची वेळ असेल, सार्वजनिक शौचालय असेल, पालिकेची शाळा किंवा प्रसूतिगृह असेल. गोरेगावात मृणाल गोरे १९६१ मध्ये नगरसेविका झाल्या आणि 'पाणीवाली बाई' हे नाव त्यांना लोकांनीच दिलं. तुमच्या वस्तीत कुठल्या प्रश्नावर बायका थांबून बोलतात ते महिनाभर ऐका आणि एकच निवडा. चार विषय घेतले की चारही अर्धवट राहतात आणि तुमचं नाव कशालाच चिकटत नाही.

निवडलात की दोनशे पानी वही घ्या, बायंडिंगची. प्रत्येक पानावर पाच रकाने आखा: तारीख, जागा, तक्रार क्रमांक, अधिकाऱ्याचं पद, काय उत्तर मिळालं. पालिकेच्या १९१६ क्रमांकावर तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो. तो त्याच मिनिटाला वहीत उतरवा. विभाग कार्यालयात पत्र दिलं तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. 'साहेबांना सांगितलंय' याला वहीत जागा नाही.

सहा-आठ तक्रारींना उत्तर नाही आलं, की माहितीचा अधिकार. शुल्क १० रुपये, महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांच्या आत आणि एका अर्जात एकच विषय. इथे बहुतेकींचा अर्ज फसतो तो प्रश्नाच्या रचनेत. 'आमच्या गल्लीत पाणी कमी दाबाने का येतं?' असं विचारलं की 'प्रश्न विचारणे ही माहितीची व्याख्या नाही' असं उत्तर येतं आणि ते कायद्याने बरोबर असतं. म्हणून कागद मागा. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत तुमच्या पत्त्यावरच्या जलवाहिनीच्या दुरुस्तीचे कार्यादेश, त्याची मोजमाप पुस्तिका, ठेकेदाराला दिलेल्या देयकांच्या प्रती. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. मोजमाप पुस्तिका हातात घेऊन चाळीतल्या बायकांसोबत नवी लाइन टेपने मोजा. कागदावरचे मीटर आणि जमिनीवरचे मीटर जुळत नसतील तर ते आकडे पांढऱ्या फळ्यावर लिहून नळाशेजारी लावा. भाषणाची गरज पडत नाही.

शाखेत जा, पण सजावटीला नको

चिझम यांनी स्थानिक डेमोक्रॅटिक क्लबात पाऊल ठेवलं तेव्हा बायकांकडे निधी जमवायचं काम असे: पत्त्यांचे कार्यक्रम, सोडत. त्यांच्या वाट्याला सोडतीच्या तिकिटांसाठी सिगारचे खोके रंगवणं, सजवणं आलं. खोकी त्यांनी मन लावून सजवली. मग सोबतच्या बायकांना विचारलं की पैसा आपण आणतो, तर आपल्या कार्यक्रमाच्या खर्चासाठी हात का पसरायचे? बायकांनी मिळून रक्कम मागितली आणि ती मिळाली. आपल्या वस्तीतला कचरा वेळेवर का उचलला जात नाही, असे प्रश्नही त्या पुढाऱ्यांसमोर विचारत. पुढाऱ्यांना ते आवडत नसे.

आपल्याकडे सिगारच्या खोक्याची जागा हळदीकुंकू घेतं. वाणाची यादी, खुर्च्या, नाश्ता, सभेला बायका आणणं. हे जरूर करा, कारण याच कामातून घराघरांची दारं उघडतात. पण पहिल्या वर्षाच्या शेवटी तीन गोष्टी मागून घ्या: एका मतदान केंद्राची पूर्ण जबाबदारी, त्या केंद्राच्या यादीची प्रत, आणि महिला आघाडीच्या खर्चाचा हिशोब पाहण्याचा हक्क. तिन्हीला नकार आला तर त्या शाखेतून तुम्हाला तिकीट मिळणार नाही हे धरून चला आणि बाकीची आखणी त्याप्रमाणे करा. जागा महिलांसाठी राखीव निघाली की माजी नगरसेवकाच्या घरातलं नाव पुढे येतं, हे मुंबईने पुष्कळदा पाहिलंय. त्याला उतारा एकच: तुमच्या हातात असलेली केंद्रं आणि यादी.

स्वतः उभं राहण्याआधी दुसऱ्याची एक पूर्ण निवडणूक अंगावर घ्या. चिझम यांनी हे १९५३ मध्ये केलं. वेस्ली होल्डर नावाच्या कसलेल्या संघटकाने लुईस फ्लॅग यांना ब्रुकलिनचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश म्हणून निवडून आणण्याची मोहीम चालवली, तिच्यात त्या राबल्या. त्याच मोहिमेतून बेडफर्ड-स्टायव्हेसंट पोलिटिकल लीग उभी राहिली. तुम्ही मतदान प्रतिनिधी म्हणून केंद्रात दिवसभर बसा. मतदान सुरू होण्याआधीच्या मॉक पोलला, म्हणजे यंत्राच्या चाचणी मतदानाला, हजर राहा, दर दोन तासांनी किती मतं पडली ते टिपा, आणि दुपारी कुठल्या गल्लीतून कोणी आलेलंच नाही ते यादीवर खूण करून पाहा. हे एका दिवसात जेवढं कळतं तेवढं दहा शिबिरांत कळत नाही.

भांडण झालं तर? होईलच. चिझम यांनी १९५८ मध्ये त्याच होल्डर यांच्याविरुद्ध लीगच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवली, हरल्या आणि बाहेर पडल्या. दहा वर्षांनी, १९६८ च्या काँग्रेसच्या निवडणुकीत, त्यांच्या प्रचाराची सूत्रं होल्डर यांच्याकडेच होती. विरोध मुद्द्यावर होता आणि समोरासमोर होता, म्हणून परतीची वाट उरली. शाखाप्रमुखाविरुद्ध व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलेलं एक वाक्य ही वाट कायमची बंद करतं.

यादी म्हणजे खरा प्रभाग

१९६८ मध्ये पक्षाच्या यंत्रणेचा उमेदवार वेगळा होता. चिझम यांच्याकडे पैसा नव्हता. पण मतदारसंघात नोंदणी झालेल्या मतदारांत पुरुषांपेक्षा बायका जास्त आहेत, हे त्यांनी यादीतून हेरलं आणि पालक-शिक्षक संघ, बायकांची मंडळं, पत्ते खेळायचे गट इथून प्रचार चालवला. पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्राथमिक फेरी त्यांनी सुमारे ८०० मतांनी जिंकली. अंतिम लढतीत समोर जेम्स फार्मर होते, नागरी हक्क चळवळीतलं देशभर गाजलेलं नाव. त्यांच्या प्रचारात पुरुषाचा आवाज हवा असा सूर होता. चिझम यांना त्यांच्या जवळपास अडीचपट मतं पडली. प्रचाराच्या मध्यात त्यांच्यावर गाठीची मोठी शस्त्रक्रिया झाली होती. पुरत्या बऱ्या होण्याआधीच त्या ध्वनिक्षेपकाच्या ट्रकवर परतल्या होत्या. मतदारसंघात पोर्तो रिकोहून आलेले खूप लोक होते. त्यांच्याशी त्या स्पॅनिशमध्ये बोलत.

मुंबईत २२७ प्रभाग आहेत. २०११ च्या जनगणनेतली सुमारे १ कोटी २४ लाख माणसं वाटली तर प्रभागामागे साधारण ५५ हजार लोकवस्ती येते. २०१७ मध्ये मतदान ५५ टक्क्यांच्या आसपास झालं. उमेदवार आठ-दहा असले की विजयी मताधिक्य कित्येकदा काही शेकड्यांत असतं. म्हणजे दोन चाळींची नावं यादीत असणं-नसणं यावर निकाल फिरतो.

पालिकेची यादी वेगळी बनत नाही. विधानसभेची यादी ठरलेल्या तारखेला घेतात आणि प्रभागांत फोडतात. त्या तारखेनंतर भरलेला अर्ज त्या निवडणुकीला उपयोगी पडत नाही. म्हणून नावांचं काम दोन वर्षं आधीपासून. नव्या नोंदणीला नमुना ६, नाव वगळायला ७, दुरुस्ती किंवा पत्ता बदलायला ८. मुंबईत तीन ठिकाणी नावं हमखास हरवतात:

लग्न होऊन आलेल्या सुना. नाव माहेरच्या यादीत राहतं, आधारवर नाव सासरचं. नमुना ८ भरताना विवाह नोंदणीचा दाखला सोबत असला की अर्ज सहसा अडत नाही.

पुनर्विकासात गेलेल्या चाळी. कुटुंब संक्रमण शिबिरात किंवा भाड्याने दुसऱ्या उपनगरात, नाव मात्र पाडलेल्या इमारतीच्या पत्त्यावर. पडताळणीला आलेल्या कर्मचाऱ्याला तिथे पत्र्याचं कुंपण दिसतं आणि नावं वगळली जातात. अशा प्रत्येक इमारतीच्या सोसायटीच्या सचिवाकडून सध्याच्या फोन नंबरांची यादी घ्या, आणि वगळण्याच्या नोटिशीवर रहिवाशाकडून मुदतीत हरकत नोंदवून घ्या.

हद्दीवरच्या गल्ल्या. प्रारूप यादी प्रभागांत फोडताना समोरासमोरची घरं चुकून शेजारच्या प्रभागात जातात. हरकतीसाठी मिळणारे दिवस मोजके असतात. प्रारूप यादी जाहीर झाली त्याच रात्री प्रत्येक गल्लीतलं पहिलं आणि शेवटचं घर तपासा, बाकीचं दुसऱ्या दिवशी.

घरभेटींची वेळ पक्षाच्या सोयीने ठरवू नका. घरकामाला जाणाऱ्या बायका सकाळी सातला निघतात आणि दुपारी दोन-अडीचला परततात. तीन ते साडेचार या वेळात त्या दारात भेटतात. पाणी पहाटे येत असेल तर नळावर पहाटे. ऑफिसला जाणाऱ्या बाईला रविवारी दुपारी गाठा, संध्याकाळी तिला लोकल चुकल्यावरचा स्वयंपाक असतो. चार वाक्यं हिंदीत आणि वस्तीप्रमाणे गुजराती, तमिळ किंवा दखनीत बोलता आली पाहिजेत, निदान नाव, काम आणि फोन नंबर सांगण्याइतकी.

प्रभागरचना आणि सोडत

चिझम यांना राज्याच्या विधानसभेसाठी १९६४, १९६५ आणि १९६६ अशी तीन वर्षांत तीनदा निवडणूक लढवावी लागली, कारण हद्दी पुन्हा आखल्या जात होत्या. पुढे १९६८ मध्ये त्या ज्या मतदारसंघातून काँग्रेसवर गेल्या तो बेडफर्ड-स्टायव्हेसंटभोवती नव्याने आखलेलाच होता. हद्द दोनदा आड आली, तिसऱ्यांदा कामी आली.

आपल्याकडे २०११ पासून अर्ध्या जागा महिलांसाठी आहेत आणि कुठल्या, ते सोडतीत ठरतं. पाच वर्षं राबलेला प्रभाग एका चिठ्ठीने इतर मागासवर्गासाठी किंवा अनुसूचित जातीसाठी राखीव होऊ शकतो. यावर तीन उपाय हाताशी ठेवा. काम पहिल्यापासून लगतच्या दोन प्रभागांत पसरवा. मुंबईच्या मतदार यादीत नाव असेल तर शहरातल्या कुठल्याही प्रभागातून उभं राहता येतं, हे लक्षात असू द्या. आणि खुल्या जागेवर बाई उभी राहू शकते, हे शाखेतल्या लोकांना वारंवार सांगावं लागतं, ते न कंटाळता सांगा.

मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर पालिकेत जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. त्या काळात ज्यांच्या वहीत तक्रार क्रमांक चालू राहिले त्यांना लोकांनी नगरसेविका म्हणूनच हाक मारली. निवडणूक लांबली तर काम थांबवू नका.

पैसे

१९६८ च्या सुरुवातीला सरकारी मदतीवर जगणारी एक बाई चिझम यांच्या दारी आली. ओळखीच्या बायकांकडून जमवलेली चिल्लर तिने पाकिटात घालून आणली होती: ९ डॉलर ६२ सेंट. तुम्ही उभ्या राहा, आम्ही असे पैसे जमवत राहू, असं तिचं म्हणणं. चिझम यांचं घोषवाक्य होतं, कुणी विकत घेतलेली नाही आणि कुणाच्या हुकमात नाही. त्या वाक्यामागे ही चिल्लर होती.

बचत गटातून, सोसायटीतून पन्नास-शंभर रुपये घ्या, पण प्रत्येकाला पावती द्या. पावतीपुस्तकाला क्रमांक छापून घ्या, दोन प्रतींचं. पन्नास रुपये दिलेली बाई मतदानाच्या दिवशी शेजारणीला घेऊन येते. निवडणुकीसाठी बँकेत वेगळं खातं उघडा आणि सगळा खर्च त्यातूनच करा. मुंबईत अलीकडे ठरलेली खर्चमर्यादा १५ लाख रुपये आहे. अर्ज भरताना त्या वेळचा राज्य निवडणूक आयोगाचा आदेश पाहून घ्या. मर्यादा ओलांडण्यापेक्षा जास्त चुका होतात त्या रोजच्या नोंदीत: चहा, रिक्षा, मंडपाची अनामत, उधारीवर छापलेली पत्रकं. रोज रात्री दहाला हिशोब लिहिणारी एक व्यक्ती ठेवा, आणि ती प्रचारात फिरणारी नको. निकालानंतर ३० दिवसांत हिशोब द्यावा लागतो, हरलात तरी. तो न दिल्याने पुढच्या निवडणुकीला अपात्र ठरणाऱ्या उमेदवारांत हरलेल्यांचा भरणा असतो.

कागद

वय २१ पूर्ण. सूचक आणि अनुमोदक त्याच प्रभागाचे मतदार, आणि त्यांचे यादीतले क्रमांक अचूक. राखीव जागा असेल तर जात प्रमाणपत्र आणि वैधता प्रमाणपत्र. वैधता समितीकडचं काम महिनोन्महिने चालतं, म्हणून सोडतीची वाट न बघता आधीच अर्ज करा. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या मुलांमुळे अपत्यसंख्या दोनच्या वर जात असेल तर उभं राहता येत नाही. पालिकेची थकबाकी नको. मालमत्ता कर सोसायटीच्या नावावर असला तरी ना-हरकत घ्या. पालिकेच्या ठेक्यात तुमचा हिस्सा असेल तर अपात्रता येते. शौचालय वापराचं घोषणापत्र जोडा. अनामत महिला उमेदवाराला सवलतीची, २,५०० रुपये.

शपथपत्रात एकही रकाना मोकळा सोडू नका. सांगण्यासारखं नसेल तिथे 'निरंक' लिहा. मोकळा रकाना छाननीत अर्ज बाद करू शकतो. एबी फॉर्म, म्हणजे तुम्ही पक्षाच्या अधिकृत उमेदवार आहात असं सांगणारा कागद, पक्षाकडून शेवटच्या दिवशी ठरलेल्या वेळेच्या आत पोहोचावा लागतो, आणि तो बहुधा शेवटच्या तासातच निघतो. त्यासाठी दोन अर्ज भरून ठेवा, एक पक्षाचा आणि एक अपक्ष. पक्षाचा फॉर्म दुसऱ्याच्या नावाने निघाला तर अपक्ष लढायचं की माघार घ्यायची, हा निर्णय माघारीच्या तारखेपर्यंत तुमच्या हातात राहतो.

निवडून आल्यावरचा पहिला महिना

जानेवारी १९६९ मध्ये चिझम यांना कृषी समितीवर टाकलं, त्यातही ग्रामीण भाग आणि वनांच्या उपसमितीवर. ब्रुकलिनच्या प्रतिनिधीला! नव्या सदस्याने मिळेल ते घ्यावं अशी रीत होती. त्यांनी सभागृहात उभं राहून बदल मागितला आणि माजी सैनिकांच्या समितीवर गेल्या. माझ्या मतदारसंघात झाडांपेक्षा माजी सैनिक कितीतरी जास्त आहेत, असं त्यांनी म्हटलं. पुढे शिक्षण आणि कामगार समिती, आणि १९७७ मध्ये नियम समिती, जिथे कुठलं विधेयक कधी चर्चेला येणार ते ठरतं. घरकामगारांना किमान वेतनाच्या कायद्यात आणण्याचं १९७४ चं काम या चिकाटीतूनच झालं.

पालिकेत नव्या बाईला महिला व बालकल्याण समिती सुचवली जाते. तुमचा विषय बालवाडीचा असेल तर आनंदाने घ्या. पाण्याचा किंवा रस्त्यांचा असेल तर स्थायी समिती किंवा सुधार समिती लेखी मागा, गटनेत्याकडे, शपथेच्या आठवड्यात. अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या सुरुवातीला मांडला जातो. तुमच्या प्रभागाची कामं त्यात हवी असतील तर विभाग कार्यालयातल्या अभियंत्यांकडे अंदाजपत्रकासह मागणी दिवाळीच्या आसपास गेलेली हवी. फेब्रुवारीत भाषण करून त्यात नवीन काम घुसत नाही.

आणि कार्यालयात माणसं नेमताना तुमची जुनी वही सांभाळणारी बाई सगळ्यांत आधी. चिझम यांनी वॉशिंग्टनच्या कार्यालयात सुरुवातीला सगळ्या बायकाच घेतल्या, त्यांतल्या निम्म्या कृष्णवर्णीय. टेबलावर तीच पाच रकान्यांची वही उघडी राहू द्या. आता शेवटच्या रकान्यात उत्तर तुम्हाला लिहायचं आहे.